घट्ट खडकातली तेलविहीर आणि ॲसिड जॉब : निदानापासून फ्लोबॅकपर्यंत

तेलविहिरीचं उत्पादन घसरलं की बैठकीत पहिली सूचना येते ती ॲसिड मारण्याची, म्हणजे खडकातल्या वाटा मोकळ्या करायला विहिरीत ॲसिड पंप करण्याची. औषध जुनं आहे आणि त्याचा गुणही येतो. १८९६ साली हर्मन फ्रॅश यांनी चुनखडीतल्या विहिरींसाठी हायड्रोक्लोरिक ॲसिडचं पेटंट घेतलं. पण ॲसिड लोखंडी नळ्याच खाऊन टाकत असे, म्हणून ती पद्धत मागे पडली. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आर्सेनिकचं संयुग गंजरोधक म्हणून मिसळून ॲसिड विहिरीत सोडलं गेलं आणि तिथून हा उद्योग खऱ्या अर्थानं उभा राहिला. आज रसायनं कितीतरी सुधारली आहेत, तरी कमी पारगम्यतेच्या (खडकातून तेल सहज वाहत नाही अशा) विहिरीत निम्म्या चुका पंप सुरू होण्याआधीच झालेल्या असतात. हा लेख या कामात नव्यानं उतरलेल्या केमिस्ट आणि इंजिनिअर मंडळींसाठी आहे. मुंबई हायची चुनखडी आणि गुजरातच्या खंबात खोऱ्यातले चिकणमाती मिसळलेले वालुकाश्म, हे दोन खडक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी ठरवा : विहीर बुजली आहे की खडकच घट्ट आहे?

पारगम्यता मिलिडार्सीत मोजतात. शेकडो मिलिडार्सीच्या खडकातून तेल आपसूक वाहतं. दहाच्या खाली आलात की प्रत्येक थेंबासाठी झगडावं लागतं, आणि एकच्या खालच्या खडकाची गोष्टच वेगळी. पण उत्पादन कमी असण्याला दोन अगदी भिन्न कारणं असू शकतात. एक, खडक मुळातच घट्ट. दोन, खडक ठीकठाक आहे, पण विहिरीलगतचा हातभर पट्टा ड्रिलिंगच्या चिखलानं, फुगलेल्या मातीनं, मेणानं किंवा क्षारांच्या थरानं बुजला आहे. या बुजण्याचं माप म्हणजे स्किन.

एक हिशेब हातानं करून बघा. विहिरीची त्रिज्या ०.१ मीटर, तेल ३०० मीटरवरून येतं, आणि ०.६ मीटरपर्यंतच्या पट्ट्याची पारगम्यता मूळच्या एक दशांश झाली आहे. स्किन = (१० − १) × ६ चा (०.६ ÷ ०.१) नैसर्गिक लॉग, म्हणजे ९ × १.७९ = १६. स्वच्छ विहिरीत प्रवाहाला होणारा अडथळा ३००० च्या (३०० ÷ ०.१) नैसर्गिक लॉगइतका, म्हणजे ८. बुजलेल्या विहिरीत तो ८ + १६ = २४ होतो. म्हणजे विहीर आपल्या ताकदीच्या एक तृतीयांशावर चालली आहे. ही बुजण काढली, तर दिवसाला २ घनमीटर देणारी विहीर ६ देईल.

आता दुसरी विहीर घ्या. इथे बुजण अजिबात नाही, खडकच घट्ट आहे, आणि विहीर आधीच ६ घनमीटर देते. तिच्यात तितकंच ॲसिड घालून त्याच ०.६ मीटरच्या पट्ट्याची पारगम्यता दहापट वाढवली, तर स्किन उणे १.६ होते आणि अडथळा ८ वरून ६.४ वर येतो. उत्पादन ७.५. रसायन तेच, खर्च तोच, पण पहिल्या विहिरीत तिप्पट आणि दुसरीत सव्वापट.

नवीन माणसानं या लेखातलं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, हा हिशेब मात्र ठेवावा. स्किन कळण्यासाठी प्रेशर बिल्डअप टेस्ट (विहीर बंद करून दाब कसा चढतो ते मोजणं) घ्यावीच लागते. घट्ट खडकात दाब सावकाश चढतो, म्हणून टेस्ट लांबते, आणि उत्पादन बुडतं म्हणून ती टाळण्याकडे कल असतो. टाळू नका. बंद विहिरीचे चार दिवस परवडतात, चुकीच्या निदानावर केलेला जॉब परवडत नाही.

विहीर बुजल्याचं दिसलं की कशानं बुजली ते शोधा. वायरलाइननं (तारेवर उतरवलेल्या अवजारानं) तळातला नमुना काढा. ट्युबिंगमधला (तेल वर आणणाऱ्या नळीतला) गाळ काचपट्टीवर घ्या आणि त्यावर दोन थेंब ॲसिड टाका. फसफसला तर कार्बोनेटचा थर. काही झालं नाही, पण झायलीनमध्ये विरघळला, तर मेण किंवा ॲस्फाल्टिन. अशा ठिकाणी आधी झायलीन सोडून काही तास मुरू द्यावं लागतं, कारण मेणाच्या लेपावरून ॲसिड नुसतं घसरून जातं. दोन्हींत काहीच झालं नाही, तर वाळू, चिकणमाती किंवा बेरियम सल्फेट. बेरियम सल्फेटवर साध्या ॲसिडचा काही परिणाम होत नाही, तेव्हा तिथे जॉबचा विचारच बदला.

सिमेंट बाँड लॉगही याच वेळी काढून बघा. केसिंगमागचं (विहिरीच्या बाहेरच्या पोलादी नळीमागचं) सिमेंट किती घट्ट बसलंय ते त्यात दिसतं. ते कच्चं असेल तर ॲसिड तेलाच्या थरात न जाता खालच्या पाण्याच्या थराचा रस्ता धरतं. तो एकदा उघडला की बुजवणं फार जड जातं.

खडक ओळखून ॲसिड निवडा

चुनखडीत १५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड ही नेहमीची सुरुवात. एक घनमीटर १५ टक्के ॲसिडमध्ये सुमारे १६१ किलो शुद्ध हायड्रोक्लोरिक असतं आणि ते सुमारे २२० किलो चुनखडी विरघळवतं. खडकाच्या घनफळात सांगायचं तर जेमतेम ०.०८ घनमीटर. एवढ्या तुटपुंज्या विरघळण्यातून फायदा होतो, तो ॲसिड सगळीकडून सारखं न खाता बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक वाटा कोरत आत घुसतं म्हणून. त्यांना वर्महोल म्हणतात. तीन मीटर लांब वर्महोल तयार झाले, तर आपल्या उदाहरणातली विहीर जणू तीन मीटर त्रिज्येची होते आणि स्किन उणे ३.४ च्या घरात जाते.

वर्महोलला मात्र योग्य वेग लागतो. फार सावकाश पंप केलं तर ॲसिड विहिरीची भिंतच खात बसतं. फार जोरात केलं तर वाटा फाटे फोडत पसरतात आणि ॲसिड वाया जातं. घट्ट खडकाची खरी अडचण इथेच आहे, तो पुरेसं ॲसिड आत घेतच नाही. १० मीटर परफोरेशन (केसिंगला पाडलेली भोकं, ज्यांतून तेल आत येतं), २ मिलिडार्सी खडक, स्किन १६ आणि फ्रॅक्चर दाबाखाली (खडक फुटतो त्या दाबाखाली) राहून विहिरीचा तळ आणि थर यांच्या दाबांत मिळणारा ७७ किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा फरक धरा. गणितानं इंजेक्शनचा दर येतो मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास. दर तसाच राहिला तर १२ घनमीटर ॲसिड आत जायला अडीच दिवस लागतील. प्रत्यक्षात ॲसिड लागताच स्किन उतरते आणि दर चढतो, पण सुरुवात अशीच रडतखडत होते. हे आधीच माहीत असलेला माणूस पंपावर घाबरून दाब वाढवत नाही.

तापमान ९० अंशांच्या वर गेलं की साधं हायड्रोक्लोरिक आत पोचण्याआधीच संपतं. तिथे सावकाश काम करणारी रूपं वापरतात : डिझेलमध्ये ॲसिडचे थेंब अडकवलेलं इमल्शन (साधारण ७० भाग ॲसिड, ३० भाग डिझेल), जेल केलेलं ॲसिड, किंवा ॲसेटिक आणि फॉर्मिकसारखी सेंद्रिय ॲसिडं. सेंद्रिय ॲसिडं महाग पडतात आणि तेवढ्याच खर्चात खडक कमी विरघळवतात, पण नळ्यांना सौम्य असतात. डोलोमाइट ॲसिडशी मुळातच मंद वागतो, तिथे इतकी घाई नसते.

वालुकाश्मात खेळ निराळा. वाळूचा कण हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळत नाही, चिकणमाती आणि सिलिका विरघळवायला हायड्रोफ्लोरिक लागतं. रूढ मिश्रण १२ टक्के हायड्रोक्लोरिक आणि ३ टक्के हायड्रोफ्लोरिकचं, त्याला मड ॲसिड म्हणतात. मातीचं प्रमाण जास्त असलेल्या घट्ट वालुकाश्मात मी इतकं तीव्र मिश्रण सुचवत नाही. ९ आणि १ टक्क्याच्या आसपास राहा. तीव्र ॲसिड माती भराभर विरघळवतं, पण त्यातून सुटलेलं सिलिकॉन पुढे जेलीसारखं साचतं. मोठ्या छिद्रांच्या खडकात ती जेली खपून जाते. घट्ट खडकाची छिद्रं मात्र तिनं पुन्हा भरून जातात आणि केलेलं काम वाया जातं. खडकात झिओलाइट किंवा क्लोराइट असेल तर हायड्रोक्लोरिकसुद्धा जपूनच. कोअरचा (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्याचा) एक्स-रे अहवाल वाचल्याशिवाय मिश्रण ठरवू नका.

मड ॲसिडचा क्रम कधीच मोडायचा नाही. आधी साधं हायड्रोक्लोरिक किंवा सेंद्रिय ॲसिड, म्हणजे खडकातलं कॅल्शियम निघून जाईल. नाहीतर हायड्रोफ्लोरिक आणि कॅल्शियम भेटून अविद्राव्य कॅल्शियम फ्लोराइड बनतं. मग मड ॲसिड. शेवटी अमोनियम क्लोराइडचं ३ टक्के द्रावण, जे वापरलेलं ॲसिड विहिरीपासून दूर ढकलतं. मिठाचं किंवा समुद्राचं पाणी यात कुठेही नको, सोडियम आणि पोटॅशियमचे फ्लुओसिलिकेट क्षारही तितकेच अविद्राव्य. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर समुद्राचं पाणी हाताशी असतं, म्हणून हे तिथे मुद्दाम बजावून सांगावं लागतं.

खडक एक मिलिडार्सीच्या खाली असेल आणि बुजणही नसेल, तर मॅट्रिक्स ॲसिड, म्हणजे खडक न फोडता आत घातलेलं ॲसिड, सोडून द्या. चुनखडी असेल तर दाब मुद्दाम फ्रॅक्चर दाबाच्या वर नेऊन ॲसिड फ्रॅक्चरिंग करतात. भेगेच्या दोन्ही भिंती ॲसिड ओबडधोबड खातं, म्हणून दाब सोडल्यावरही भेग पूर्ण मिटत नाही. खडक मऊ असला किंवा बंद होण्याचा ताण जास्त असला, तर ते खडबडीत टेकू चिरडले जातात. वालुकाश्म ॲसिडनं तसा खाल्लाच जात नाही. या दोन्ही ठिकाणी वाळू भरून केलेलं हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगच खरं.

जोडरसायनं आणि बाटलीतली परीक्षा

गंजरोधकाशिवाय ॲसिड विहिरीत जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बहुतेक गंजरोधक ॲसिडमध्ये विरघळत नाहीत, नुसते पसरतात. टाकी रात्रभर उभी राहिली की ते वर तरंगतात, आणि सकाळी टाकीच्या तळातून पंप केलेलं पहिलं ॲसिड उघडंवाघडं ट्युबिंगमध्ये जातं. म्हणून पंप करायच्या आधी अर्धा तास टाकी फिरवून घ्या.

दुसरा शत्रू लोह. नळ्यांवरचा गंज ॲसिडमध्ये विरघळतो, आणि चुनखडीत ॲसिड संपत आल्यावर सामू (pH) २.२ च्या वर गेला की फेरिक लोह तांबड्या चिखलासारखं बाहेर पडतं. विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असेल तर आयर्न सल्फाइड त्याहूनही आधी, सामू २ च्या आसपासच बसतं. सायट्रिक ॲसिड, ईडीटीए किंवा एरिथॉर्बिक ॲसिड त्यासाठीच घालतात. ॲस्फाल्टिन असलेल्या तेलात हेच लोह डांबरासारखा गाळ तयार करतं.

घट्ट खडकात तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त महत्त्वाची : पृष्ठताण. छिद्रं इतकी बारीक असतात की केशाकर्षणानं पाणी त्यांत अडकून बसतं, आणि आपण घातलेलं द्रावणच नवीन बूच होतं. पृष्ठताण उतरवणारं सरफॅक्टंट, तेल आणि पाणी दोन्हींत मिसळणारं म्युच्युअल सॉल्व्हंट, वायूच्या विहिरीत थोडं मिथेनॉल आणि शेवटी नायट्रोजन, ही सगळी धडपड आत घातलेलं परत बाहेर आणण्यासाठी असते.

यातलं काहीच पुरवठादाराच्या पत्रकावरून ठरवू नका. विहिरीचं ताजं तेल आणा. काचेच्या मापी नळीत ५० मिलिलिटर तेल आणि सगळी जोडरसायनं घातलेलं ५० मिलिलिटर ॲसिड घ्या, जोरात हलवा आणि थराच्या तापमानाच्या पाण्यात उभं करा. दहा मिनिटांत तेल वर आणि ॲसिड खाली असा आरशासारखा स्वच्छ भेद दिसायला हवा. मधे तपकिरी साय राहिली तर डिमल्सिफायर (तेल आणि ॲसिड वेगळं करणारं रसायन) बदला. मग ते १०० मेशच्या जाळीवर ओता. जाळीवर काळे, चिकट ठिपके राहिले तर तेच ठिपके खाली परफोरेशनमध्ये बसणार आहेत. हीच परीक्षा थोडं फेरिक लोह घालून पुन्हा करा आणि संपलेल्या ॲसिडवरही करा. दोन तासांचं काम आहे, आणि घाईत सगळ्यात आधी हेच गाळलं जातं.

पंपाच्या आधीचा दिवस

बाजारातलं ॲसिड साधारण ३० टक्क्यांचं येतं. १५ टक्क्यांचं एक घनमीटर करायला सुमारे ४७० लिटर ॲसिड आणि ५४० लिटर पाणी. टाकीत आधी पाणी, मग ॲसिड, उलटं कधीच नाही. झाल्यावर ५ मिलिलिटर नमुना पाण्यात पातळ करा, फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब टाका आणि एक नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडा. २२ मिलिलिटरला गुलाबी रंग टिकला की ॲसिड १५ टक्के. १९ लाच टिकला तर ते १३ टक्के आहे, वाटेत कुठेतरी पाणी शिरलंय.

ट्युबिंगचं पिकलिंग, म्हणजे मुख्य जॉबच्या आधी थोडं ॲसिड नळीतून फिरवून गंज आणि सांध्यांचं ग्रीस वर काढून टाकणं. माझ्या उमेदीच्या काळात एका विहिरीवर वेळ वाचवायला आम्ही ते वगळलं. सही माझी होती. फ्लोबॅकमध्ये, म्हणजे आत घातलेलं द्रावण परत वर येताना, पहिल्या बाटलीतच विटकरी रंगाचं दाट पाणी आलं, तळाशी बोटभर गाळ बसला, आणि विहीर जॉबच्या आधी देत होती तेवढंही द्यायला तयार नव्हती. नळीतला सगळा गंज आम्ही स्वतःच्या हातानं खडकात ढकलला होता. तेव्हापासून पिकलिंगचं परत आलेलं ॲसिड बाटलीत भरून, रंग फिका होईपर्यंत प्रत्येक बाटली मी स्वतः बघतो.

दाबाची मर्यादा कागदावर लिहून पंपाच्या केबिनमध्ये चिकटवा. १५०० मीटर खोल विहीर, फ्रॅक्चर ग्रेडियंट (खोलीच्या दर मीटरमागे खडक फोडणारा दाब) मीटरला ०.१६५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळाशी २४७. ॲसिडच्या स्तंभाचा दाब १६१. सुरक्षेसाठी २० सोडले तर वर मिळतात ६६. नळीतल्या घर्षणाचा दाब मोजून त्यात मिळवता येतो, पण दर साडेतीन लिटर असताना घर्षण नगण्यच. म्हणजे सुरुवातीला ६६ म्हणजे ६६.

सगळ्या लाइन आधी पाण्यानं, कमाल दाबाच्या वर नेऊन तपासा. वाऱ्याची दिशा बघून माणसं उभी करा. आय-वॉश उघडून त्यातून खरंच पाणी येतं का ते पाहा. सोडा ॲशच्या गोणी हाताशी हव्यात. हायड्रोफ्लोरिक असेल तिथे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल प्रत्येकाला दिसेल अशा जागी ठेवा. हे ॲसिड अंगावर पडलं तर लगेच दुखेलच असं नाही, दुखायला लागेपर्यंत ते खोल गेलेलं असतं. धुवा, जेल चोळा आणि दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

पंपिंग

पहिलं ॲसिड परफोरेशनला लागलं की दाब उतरू लागतो, हा सगळ्यात समाधानाचा क्षण. दर मिनिटाला दाब आणि दर लिहीत जा. दाब तोच ठेवून दर चढत असेल तर काम होतंय. दाब एकदम धाडकन पडला आणि दर उसळला, तर खडक फुटला असण्याची शक्यता धरा आणि दर कमी करा. दाब उलट चढू लागला तर आत काहीतरी साचतंय. तिथे जोर लावू नका.

एक थर सहज पितो आणि शेजारचा तोंड मिटून बसतो, ही मुंबई हायसारख्या ठिकाणची जुनी अडचण. तिथल्या एल-३ नावाच्या चुनखडीत शेलच्या पट्ट्यांनी वेगळे झालेले कितीतरी थर आहेत, आणि त्यांची पारगम्यता सारखी नाही. सरळ पंप केलं तर जवळजवळ सगळं ॲसिड आधीच चांगल्या असलेल्या थरात जातं. म्हणून मध्ये ॲसिडला दुसऱ्या थराकडे वळवणारा डायव्हर्टर सोडतात : फोम, बेंझॉइक ॲसिडचे कण, परफोरेशनवर बसणारे गोळे, किंवा ॲसिड संपताच स्वतः दाट होणारे व्हिस्कोइलास्टिक सरफॅक्टंट. घट्ट थरासाठी पॉलिमरचं जेल मी शक्यतो टाळतो, त्याचा उरलेला लगदा निघता निघत नाही. कॉइल ट्युबिंग (रिळावर गुंडाळलेली लांब नळी) मिळत असेल तर तीच घ्या. परफोरेशनच्या तळापासून वरपर्यंत हळूहळू ओढत नेली की प्रत्येक मीटरला त्याच्या वाटणीचं ॲसिड मिळतं. प्रमाण म्हणाल तर परफोरेशनच्या दर मीटरला ०.६ ते १.९ घनमीटर.

परत आणणं

मड ॲसिड आत मुरू द्यायचं नसतं, पंप थांबला की लगेच विहीर उघडायची. चुनखडीतही काही मिनिटांत ॲसिड संपलेलं असतं, तासन्तास वाट बघून काही मिळत नाही. ॲसिड आणि चुनखडीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड (एक घनमीटर ॲसिडमागे पृष्ठभागावर सुमारे ५० घनमीटर) द्रावण वर ढकलायला मदत करतो. थराचा दाब कमी असेल तर तेवढं पुरत नाही, नायट्रोजन लागतोच. चोक (विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणारी झडप) एकदम मोठा करू नका, मोकळी झालेली माती एकाच वेळी परफोरेशनकडे धावते.

दर अर्ध्या तासाला नमुना घ्या. सामू, घनता, लोह आणि गाळ तपासा. सामू ५ च्या वर आल्याशिवाय प्रवाह सेपरेटरकडे (तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीकडे) वळवू नका. न संपलेलं ॲसिड आलं तर एका घनमीटरला सुमारे २३५ किलो सोडा ॲश लागेल, ती आधीच मोजून ठेवा. किती द्रावण आत गेलं आणि किती परत आलं याचा हिशेब रोज लावा. घट्ट विहिरीत तो सावकाश जुळतो, पहिल्या दोन दिवसांत निम्मंही आलं नसेल तर नायट्रोजनचा दुसरा फेरा द्या.

फळ मोजणं

पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर कुणाला फोन करू नका. तो विहिरीलगत साचलेला दाब मोकळा झाल्याचा आकडा असतो. चोक जॉबच्या आधीचाच ठेवून महिनाभराचं उत्पादन, पाण्याचं प्रमाण आणि वायू लिहा, आणि मग दुसरी बिल्डअप टेस्ट घ्या. स्किन १६ ची २ झाली आणि तेलही वाढलं, तर निदान बरोबर होतं. स्किन उतरली पण तेल वाढलं नाही, तर थराचा दाबच संपत आलाय आणि ॲसिडचा दुसरा जॉब करण्यात अर्थ नाही. तेलाऐवजी पाणी वाढलं असेल तर तो सिमेंट बाँड लॉग पुन्हा काढा.

विहिरीच्या फाइलमध्ये दोन्ही टेस्टचे आलेख, मिनिटवार दाब आणि दराची नोंद, टायट्रेशनचे आकडे आणि फ्लोबॅकच्या नमुन्यांचा तक्ता लावा. परतीच्या पहिल्या आणि शेवटच्या बाटलीवर विहिरीचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून त्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवा. दोन वर्षांनी त्याच विहिरीचं उत्पादन पुन्हा घसरलं, तर आधी त्या बाटल्या काढून बघा.